खुलताबाद: कबरींमुळे वसलेलं डोंगरगाव

भूमध्य समुद्राच्या काठाने, फ्रान्सपासून ग्रीसपर्यंत, डोंगरमाथ्यांवर शेकडो जुनी दगडी गावं आहेत. खाली समुद्र, सपाट जमीन, बंदरं असताना माणसं एवढ्या वर का गेली? याची प्रमुख कारणं तीन. पहिलं चाच्यांचं. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारे चाचे माणसं पकडून गुलाम म्हणून विकत, म्हणून कॉर्सिका, सार्डिनिया आणि ग्रीक बेटांवरच्या लोकांनी किनारा सोडला. दुसरं हिवतापाचं. किनाऱ्यालगतच्या दलदलीत राहणं म्हणजे दरसाल ताप ठरलेला. तिसरं शेतीचं. सपाट जमीन आधीच थोडी, ती पिकाला ठेवून घरं खडकावर बांधलेली बरी. नीस आणि मोनाको यांच्या मधलं एझ हे गाव समुद्राच्या डोक्यावर सव्वाचारशे मीटर उंचीवर बसलं आहे ते अशाच जुन्या हिशेबांनी.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीपासून तीस-बत्तीस किलोमीटरवर असंच एक तटबंदीचं डोंगरगाव आहे. ते म्हणजे खुलताबाद. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर, म्हणजे शहरापेक्षा अडीच-तीनशे मीटर जास्त. वेरूळला जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या अंगावरून जाते. बहुतेक जण औरंगजेबाची कबर पाहतात, भद्रा मारुतीला नारळ फोडतात आणि तासाभरात पुढे सुटतात. गाव म्हणून खुलताबाद पाहायला कुणी थांबत नाही.

खरं तर भूमध्य समुद्राच्या गावांना लावलेला तोच प्रश्न इथेही लावून पाहावा. इथे चाचे येणार नव्हते. दलदलही नव्हती. संरक्षण हवं तर देवगिरीसारखा बेलाग किल्ला डोंगराच्या पायथ्याशीच होता. मग वर गाव का वसलं? त्याचं उत्तर गावातल्या कबरींत आहे. इथे आधी माणसं पुरली गेली, मग त्या कबरींच्या सोबतीला माणसं राहायला आली, आणि तट-दरवाजे सर्वांत शेवटी उभे राहिले.

वर जाणारी वाट

मुकुंदवाडीहून जालना रोडने क्रांती चौक, तिथून नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा असं करत शहर मागे पडतं. दौलताबादला रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. चौदाव्या शतकातल्या राजधानीच्या तटातून आजही ट्रक, एसटी आणि दुचाक्या एकमेकांना वाट देत निघतात. पुढे घाट लागतो. घाटातल्या कापलेल्या कड्याकडे नीट पाहिलं तर खडकाचे आडवे थर मोजता येतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले, त्यांचे हे थर. घट्ट काळा बसाल्ट, त्यावर भोकाभोकांचा सच्छिद्र खडक, कुठे तांबड्या मातीची पट्टी, पुन्हा काळा बसाल्ट.

गाव टिकायला हाच खडक कारणीभूत आहे. सपाट पठारावर पडलेलं पावसाचं पाणी सच्छिद्र थरात मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. पठाराला लागूनच म्हैसमाळचा डोंगर १०६७ मीटरपर्यंत चढतो आणि पावसाळी ढग अडवतो. या उंच भागातलं पाणी खाली उतरतं त्याचं एक रूप वेरूळला पावसाळ्यात दिसतं. २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ येळगंगेचा धबधबा कोसळतो, ती जागा सीता की नहाणी म्हणून ओळखली जाते. खुलताबादेतली जुनी तळी आणि विहिरी याच पाण्यावर जगल्या. परियों का तालाब हे त्यांतलं प्रसिद्ध नाव.

म्हणजे वर पाणी होतं, हवा थंड होती, आणि पायथ्याशी एक मोठी राजधानी होती. वस्ती व्हायला निमित्त तेवढं हवं होतं.

दिल्लीहून आलेली माणसं

यादवांची देवगिरी १२९६ साली अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीत लुटली गेली आणि १३१८ मध्ये यादवांचं राज्य कायमचं संपलं. या धामधुमीच्या काळात दिल्लीचे सूफी दख्खनकडे येऊ लागले. खुलताबादेत ज्यांचा दर्गा सर्वांत गजबजलेला असतो ते मुंतजिबुद्दीन, म्हणजे जर जरी जर बक्ष, हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य मानले जातात. त्यांच्या निधनाचं साल १३०९ सांगतात.

खरा लोंढा आला तो १३२७ मध्ये. मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद केलं आणि दिल्लीतले सरदार, विद्वान, कारकून, कवी, सूफी यांना सक्तीने इकडे आणलं. शालेय पुस्तकात हा प्रसंग लहरी बादशहाची गोष्ट म्हणून येतो आणि तिथेच संपतो. काही वर्षांत राजधानी परत दिल्लीला गेली, पण आलेल्यांतले पुष्कळ जण इथेच राहिले आणि इथेच वारले. त्यांत मुंतजिबुद्दीन यांचे भाऊ बुरहानुद्दीन गरीब होते (निधन १३३७). निजामुद्दीन औलियांची संभाषणं 'फवायद-उल-फुआद' या ग्रंथात टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी होते. गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसूदराज यांचे वडील राजू कत्ताल होते. या सगळ्यांना मूठमाती मिळाली ती राजधानीच्या वरच्या याच शांत पठारावर.

गेसूदराज तेव्हा लहान होते. वडील गेल्यावर ते दिल्लीला परतले. १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली तेव्हा ऐंशीला टेकलेले असताना ते पुन्हा दक्षिणेकडे निघाले. वाटेत ते या डोंगरावर वडिलांच्या कबरीपाशी आले आणि मग बहामनी सुलतानाच्या निमंत्रणावरून गुलबर्ग्याला गेले. आज गुलबर्ग्याचा त्यांचा दर्गा दख्खनभर प्रसिद्ध आहे. त्याआधीचा एक पडाव खुलताबादेत होता हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

बुरहानुद्दीन यांच्या बैठकीत जे बोललं जाई ते काशानी घराण्यातल्या भावांनी फारसीत लिहून ठेवलं. त्यामुळे दर्ग्यातलं रोजचं जगणं, अन्नदान, गाण्याच्या मैफली, शिष्यांची भांडणं यांची समकालीन नोंद आपल्याला मिळते. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी याच कागदपत्रांवर खुलताबादचा मोठा ग्रंथ लिहिला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसतं ते असं, की दर्गा ही नुसती कबर नव्हती. तिच्यामागे एक संस्था होती. तिला राजे गावं इनाम देत, त्या उत्पन्नावर खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, चाले, मुजावर आणि त्यांचे कुटुंबकबिले पोसले जात, वाटसरूंना जेवण मिळे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची या दर्ग्यावर एवढी भक्ती होती की त्यांनी तापीच्या काठी वसवलेल्या राजधानीला बुरहानुद्दीन यांच्यावरून बुरहाणपूर नाव दिलं आणि नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद. बुरहाणपुराची केळी आणि कापूस खाऊन-नेसून वाढलेल्या खानदेशी माणसालाही आपल्या शेजारच्या शहराचं नाव या डोंगरावरून गेलं आहे हे सहसा माहीत नसतं.

बादशहा, निजाम आणि हबशी वजीर

संताच्या शेजारी जागा मिळावी ही इच्छा पुढे सत्ताधीशांनाही झाली. पठारावरची जागा मोलाची झाली ती अशी.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झालेला हा माणूस. १६१० मध्ये खडकी वसवली ती यानेच. तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहाजीराजांच्या साथीने भातवडीची लढाई जिंकली तीही यानेच, १६२४ मध्ये. त्याने डोंगरातलं पाणी भुयारी नहरीने, कुठलंही यंत्र न वापरता, नुसत्या उतारावर शहरात आणलं. मुकुंदवाडीत, सिडकोत नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवत ड्रम भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्या घुमटाखाली घटकाभर तरी उभं राहायला हवं. त्याचा मकबरा जर जरी जर बक्ष दर्ग्यापासून जवळच आहे. काळ्या दगडाचा, घुमटाचा, फारसा नटवा नसलेला. पर्यटकांच्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला. मराठ्यांचं राज्य बुडवायला तो दक्षिणेत उतरला आणि पंचवीस वर्षं इथेच अडकला. १६८९ मध्ये त्याने संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली, तरी लढा थांबला नाही. राजाराम महाराज आणि नंतर महाराणी ताराबाईंनी तो चालू ठेवला. बादशहा दिल्लीला परत गेलाच नाही. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खुलताबादेत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. हे जैनुद्दीन १३६९ मध्ये वारले, सूफी गुरुपरंपरेतले बाविसावे म्हणून त्यांच्या दर्ग्याला बावीस ख्वाजा म्हणतात.

ही कबर अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. वर छप्पर नाही, घुमट नाही. मधोमध उघडी माती आणि त्यात सब्जाचं झुडूप. टोप्या शिवून मिळवलेले ४ रुपये २ आणे कफनाला वापरावेत, असं त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात आहे. भोवतालची संगमरवरी जाळी नंतरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारने बसवलेली. याच बादशहाच्या बेगमेसाठी शहरात बीबी का मकबरा उभा आहे, ताजमहालाच्या धर्तीवरचा. दोन्ही एकाच दिवशी पाहिले की मुघल घराण्यातला केवढा विरोधाभास आपल्या जिल्ह्यात शेजारी शेजारी आहे ते कळतं.

बुरहानुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम, आसफजाह, पुरलेला आहे. तो १७४८ मध्ये बुरहाणपुराला वारला. त्याचा मुलगा नासिर जंगही तिथेच आहे. हैदराबादच्या राज्याचा संस्थापक हैदराबादेत नाही, आपल्या तालुक्याच्या गावात आहे. अरबी-फारसीचे मोठे पंडित गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४ ते १७८६) यांनीही आयुष्याचा उत्तरार्ध औरंगाबादेत काढला आणि शेवटची जागा इथेच घेतली.

गावाभोवतीचा तट औरंगजेबाच्या काळातला मानला जातो. त्याला सात दरवाजे. नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ ही त्यांतली काही नावं. या नावांकडे पाहिलं तरी गावाचा कारभार दिसतो. कुठे नगारा वाजे, कुठून कोणत्या गावाची वाट फुटे, कुठल्या पेठेत बाजार भरे. तटाचे दगड काळ्या बसाल्टचे, सांधे चुन्याचे. जिथे चुना झडला आहे तिथे पिंपळाने मूळ धरलं आहे. जुन्या भिंतीचा सर्वांत मोठा शत्रू तोच, कारण मूळ जाड होत गेलं की चिऱ्याला चिरा सोडवत नेतं.

याच डोंगरावरचे देव

खुलताबाद एवढ्यावर संपलं असतं तर ते मकबऱ्यांचं गाव राहिलं असतं. पण मराठवाड्याच्या निम्म्या घरांत या गावाची ओळख आहे ती भद्रा मारुतीमुळे. मारुती एरवी उभा असतो किंवा उड्डाण करत असतो, इथला मात्र शेंदूर ल्यालेला, आडवा, निद्रिस्त आहे. भद्रसेन राजाच्या भजनात तल्लीन होऊन तो इथे पहुडला अशी कथा सांगतात. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी इथे पाय ठेवायला जागा नसते.

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगरातून हजारो माणसं पायी निघतात. मुकुंदवाडी, सिडको, हडको, गारखेडा, सगळीकडून पोरांचे घोळके, नव्या चपला पिशवीत ठेवून अनवाणी चालणाऱ्या बाया, अंगावर रेनकोट टाकलेले म्हातारे नगर नाक्याकडे सरकतात. पडेगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला मंडळं चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटत उभी असतात. "माउली, चहा घेऊन पुढं व्हा," अशी हाक येते. दौलताबादचा घाट चढताना बोलणं बंद होतं, फक्त पावलं ऐकू येतात. पहाटे रांगेत उभं राहायचं, रुईच्या पानांची माळ आणि तेल वाहायचं, आणि मिळेल त्या एसटीने परत. खुलताबाद पाहण्याची ही जुनी पद्धत आहे आणि मला विचाराल तर सर्वांत चांगलीही.

गावाजवळच सुलीभंजनच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे. संत एकनाथांनी इथे तप केलं असं मानतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. त्यांची समाधी दौलताबादला आहे आणि परंपरेने त्यांचा संबंध सूफींशीही जोडला जातो. एकनाथांनी भारुडांत 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला, त्या लेखणीमागे या डोंगरावरचा शेजार होता हे इथे फिरताना सहज पटतं.

भूमध्य समुद्रापलीकडचं भावंड

दर्ग्यांमुळे वसलेलं गाव ही काही जगावेगळी गोष्ट नाही. इटलीत गार्गानो नावाच्या डोंगरावर मोंते सांत अँजेलो हे गाव आहे. तेही जवळपास आठशे मीटर उंचीवर. देवदूत मायकेल तिथल्या गुहेत प्रकटला अशी पाचव्या शतकाच्या अखेरची श्रद्धा, त्या गुहेकडे यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्यांच्या उतारूखान्यांभोवती, दुकानांभोवती पांढऱ्या घरांचं गाव उभं राहिलं. २०११ मध्ये ते देऊळ युनेस्कोच्या यादीत गेलं. खुलताबादचा सख्खा भाऊ शोभावा अशी ही कहाणी आहे.

पण संरक्षणासाठी वर गेलेल्या बहुतेक गावांचं पुढे वेगळं झालं. चाचे संपले, दलदली आटवल्या, हिवताप गेला, किनाऱ्यावर रेल्वे आणि कारखाने आले, तेव्हा वर राहण्याचं कारणच उरलं नाही. विसाव्या शतकात दक्षिण इटलीतली कित्येक गावं रिकामी झाली. क्राको हे गाव तर १९६० नंतर दरडींच्या भीतीने पूर्ण सोडून दिलं गेलं. चिविता दि बान्योरेजो या गावात राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि २०१३ पासून तिथे पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. गाव टिकलं ते संग्रहालय होऊन.

खुलताबाद रिकामं झालं नाही. राजधानी गेली, बहामनी आले, मुघल गेले, निजाम गेला, तरी यात्रा चालू राहिली. उरुसात खाजा तळणाऱ्या कढया चढतात, ईद-ए-मिलादला जैनुद्दीन यांच्या दर्ग्यात पैगंबरांचा मानला जाणारा पोशाख दर्शनाला काढतात, श्रावणात घाट भरतो. त्यावर तालुक्याचं ठिकाण म्हणून तहसील, शाळा, आठवडी बाजार. तटाच्या आत आजही धुणं वाळत असतं, शेळ्या बांधलेल्या असतात, पोरं क्रिकेट खेळतात. गाव पाहायचं ते याच्यासकट.

पाहायला जाताना

श्रावण ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात म्हैसमाळ ढगात असतं, दिवाळीच्या आसपास दौलताबादच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या लागतात. मे महिन्यात दुपारी काळा दगड तापतो, तेव्हा सकाळ गाठावी. मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळ-कन्नडकडे जाणारी एसटी खुलताबादला थांबते. गाडी असेल तर ती तटाबाहेर लावून आत चालत जावं, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि गाव समजतं ते पायी.

क्रम असा ठेवावा: नगारखाना दरवाजातून आत, बावीस ख्वाजा आणि औरंगजेबाची कबर, समोर बुरहानुद्दीन यांचा दर्गा आणि पहिला निजाम, मग बाहेर पडून जर जरी जर बक्ष आणि मलिक अंबर, शेवटी भद्रा मारुती. वेळ उरला तर सुलीभंजन आणि संध्याकाळी म्हैसमाळ. दर्ग्यांत डोकं झाकावं, चपला बाहेर काढाव्यात, फोटो काढण्याआधी मुजावरांना विचारावं. काही ठिकाणी आतल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नसतो, ते आधी विचारून घेतलेलं बरं. औरंगजेबाच्या कबरीपाशी बंदोबस्त असतो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावं आणि वाद आवाराबाहेर ठेवावा.

आणि एक विनंती. तटाच्या चिऱ्यांवर नावं कोरू नका, दरवाजांच्या कमानींखाली प्लास्टिक टाकू नका. औरंगजेबाची कबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण गावाची भिंत, लहानसहान मकबरे, जुन्या विहिरी यांना राखण आहे ती गावकऱ्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचीच. परदेशातली डोंगरगावं पाहायला लाखभर रुपये आणि व्हिसा लागतो. खुलताबादला एसटीचं तिकीट आणि एक मोकळा दिवस पुरतो. पुढच्या वेळी वेरूळला पाहुणे न्याल तेव्हा अर्ध्या वाटेवर उतरा आणि हा दिवस या गावाला द्या.